चुरीसाहेबांची सही

वसंत पांडुरंग चुरी. हे नाव मी जितक्या वेळा टाइप केलं तितक्या वेळा स्वतःच्या नवऱ्याचंही लिहिलं नसेल. पत्राच्या तळाशी, डाव्या बाजूला, वर सहीसाठी चार ओळी मोकळ्या सोडून. चार ओळी लागायच्याच. बाकीचे साहेब माशी मारल्यासारखी सही करायचे आणि पुढच्या कागदाकडे वळायचे. चुरीसाहेब पूर्ण नाव लिहायचे, मराठीत, वरच्या रेघेसकट, आणि झाल्यावर पेनला टोपण लावून पेन खिशात ठेवायचे. तेवढ्या वेळात माझा चहा निवायचा.

मी तेव्हा तारापूर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात टायपिस्ट होते. रंग म्हणजे भिंतीचा नव्हे, कापडाचा. पालघरहून रोज बोईसरला जायचं, आणि संध्याकाळी घरी येताना पदराला कुठला ना कुठला रंग लागलेला असायचा. चुरीसाहेब लॅबचे प्रमुख. मूळचे शिरगावचे, वाडीवाले, पण नोकरीपायी बोईसरला बिऱ्हाड केलेलं. उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. आवाज कधी चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीदा तरी वाटलं.

त्यांच्या सहीशिवाय कारखान्यातून एक पिंप बाहेर जायचं नाही. प्रत्येक बॅचच्या रंगात कापडाचा एक तुकडा बुडवायचा, सुकवायचा आणि नमुन्याच्या तुकड्याशेजारी धरून बघायचा, जुळला तर सही. हे काम त्यांच्या हाताखालची माणसं करायची, पण सही करण्याआधी चुरीसाहेब स्वतः दोन्ही तुकडे घेऊन उत्तरेच्या खिडकीशी उभे राहायचे. ट्यूबलाइटखाली त्यांनी कधी रंगाची शेड बघितली नाही. ऊन उतरलं की संपलं, मग फाटकाशी ट्रक उभा असो नाहीतर शेठ स्वतः उभे असोत. प्रॉडक्शन मॅनेजर हातापाया पडायचा, मग चिडायचा, मग आईबहिणीवर यायचा. चुरीसाहेब शांतपणे म्हणायचे, "उद्या सकाळी बघतो. पाहिल्याशिवाय सही नाही."

हे वाक्य कारखान्यात इतकं रुळलं होतं की कँटीनवाला उधारीच्या वहीवर सही मागायला आला की पोरंसुद्धा तेच ऐकवायची.

कुंभवलीचा एक कामगार होता, रमेश. तापानं आठ दिवस घरी राहिला आणि रजेच्या अर्जावर कुणा साहेबाची सही हवी म्हणून चुरीसाहेबांकडे आला. दुसरा कुणी असता तर न वाचता करून टाकली असती. हे म्हणाले, "रमेश, तुझा ताप मी मोजला नाही." रमेश रडकुंडीला आला. "साएब, मी काय खोटं बोलतो? अजून अंगात कसकस हाय." संध्याकाळी हा माणूस थर्मामीटर खिशात घालून सायकलनं कुंभवलीला गेला. रमेशला खाटेवर झोपवून ताप मोजला, शंभर निघाला, मग तिथंच खाटेच्या कडेला बसून सही केली. वर त्याच्या म्हातारीला पेज कशी पातळ करायची ते सांगून आले. मला विचाराल तर असा माणूस दुरून बघायला छान. रोज त्याच्यासोबत काम करायचं म्हणजे नाकी नऊ येतात.

त्यांच्या बायकोला मी आधी दोनदाच भेटले होते. मालतीबाई. हसऱ्या, गोऱ्या, पण संधिवातानं पार आखडलेल्या. गुडघे वाकत नव्हते, बोटं वळली होती. माहेर दातिवऱ्याचं, तिथं म्हातारी आई आणि धाकटा भाऊ. बोईसरहून दातिवरे काही परदेश नाही; पालघर, सफाळे, एडवण, पुढं दातिवरे, सव्वा-दीड तासाचा रस्ता. पण एसटीची पायरी त्यांना चढता यायची नाही. बोईसरला भाड्याच्या दोन जीपा होत्या, त्याही उंच. एकदा तशा गेल्या होत्या. ड्रायव्हरनं आणि त्याच्या जोडीदारानं काखेत हात घालून उचलून आत बसवलं. परपुरुषांनी असं पोत्यासारखं उचललं हे मालतीबाईंच्या इतकं जिव्हारी लागलं की परत आल्यावर म्हणाल्या, आता पुरे, मी जात नाही. त्याला तीन वर्षं झाली होती. म्हातारीही इतकी थकली होती की तिला इकडं आणणं शक्य नव्हतं. भाऊ महिन्यातून एकदा सुकी मासळी आणि निरोप घेऊन यायचा. निरोप दर वेळी एकच असायचा, मालू कदी येते.

म्हणून चुरीसाहेबांनी गाडी घ्यायची ठरवली. हौस म्हणून नाही. सीट खाली असलेली, दार मोठं उघडणारी, बायकोला स्वतःच्या स्वतः बसता येईल अशी गाडी. ऐंशीच्या दशकाचे मधले दिवस ते. नव्या छोट्या गाड्या नुकत्या निघाल्या होत्या, नाव नोंदवायचं आणि वाट बघत बसायचं. त्यांनी नोंदवलं, वाट बघितली, आणि एक दिवस मुंबईच्या डीलरचं पत्र आलं. ते मीच वाचून दाखवलं. त्या दिवशी चुरीसाहेबांनी अख्ख्या ऑफिसला पेढे दिले. मालतीबाईंनी आईला निरोप धाडला, की आता मी माझ्या गाडीतून येते.

चुरीसाहेब गाडी आणायला गेले आणि तिथूनच सुरुवात झाली. पांढऱ्या रंगाची गाडी, शोरूममध्ये दिव्यांखाली झळकत होती. हे म्हणाले, "जरा बाहेर उजेडात काढा." सेल्समननं काढली. यांनी चारी बाजूंनी फिरून बघितलं आणि म्हणाले, "डावीकडचा पुढचा दरवाजा बाकीच्या गाडीच्या बॅचचा नाही. शेड वेगळी आहे." सेल्समननं बघितलं, मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरनं चष्मा पुसून बघितलं. कुणालाच दिसेना. ताबा मिळाल्याच्या कागदावर चुरीसाहेबांनी "दरवाजाची शेड भिन्न" असा शेरा लिहिला आणि मगच सही केली. शिवाय वॉरंटीची पुस्तिका तिथल्या तिथं उभ्यानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मागं दुसरी गिऱ्हाइकं खोळंबली होती. पुस्तिकेत लिहिलं होतं की वर्षभर डीलरखेरीज कुणीही इंजिनाला हात लावायचा नाही. यांनी ते वाचलं, मान्य केलं, खाली सही केली.

पहिल्या रविवारी नवराबायको दातिवऱ्याला निघाले. मालतीबाई स्वतःच्या पायांनी गाडीत बसल्या. सफाळ्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. अर्धा तास उन्हात उभे राहिले, मग आपोआप सुरू झाली, मग पुन्हा बंद. तिथूनच मागं फिरले. सोमवारी मला म्हणाले, "बाई, नवी आहे. काहीतरी किरकोळ असेल." मीही म्हटलं, असेल.

तो किरकोळ प्रकार काय होता ते नीट ऐका, कारण पुढं सगळं त्यावरच आहे. गाडी थंड असली की उत्तम. बोईसरहून पालघरला जा, बाजार करून या, काही नाही. पण सलग पाऊण तास चालली, आत गरम झाली, की फट्कन बंद. निवली की पुन्हा चालू. डीलरकडे काय करायचे? गाडी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे रात्रभर निवल्यावर, नाक्यापर्यंत एक चक्कर मारायचे आणि जॉब कार्डावर लिहायचे की दोष आढळला नाही. पहिल्या फ्री सर्व्हिसला त्यांनी गाडी धुऊन, पॉलिश करून दिली. बंद पडायची ती पडतच राहिली, फक्त आता स्वच्छ पडायला लागली.

मग आमची पत्रं सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत चुरीसाहेब माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसायचे आणि सांगायचे, मी टाइप करायची. इतक्या मिनिटांनी बंद पडली, त्या वेळी तापमानाचा काटा इथं होता, इतक्या मिनिटांनी चालू झाली, बाहेर ऊन होतं, काचा उघड्या होत्या. लॅबचा रिपोर्टच असायचा तो. कुठं शिवी नाही, कुठं धमकी नाही. मी म्हणायचे, "साहेब, एक तरी कडक वाक्य घालू या." ते म्हणायचे, "बाई, जे दिसलं ते लिहायचं." माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. पाचव्या पत्रात मी आपणहून एक सणसणीत ओळ घातली. त्यांनी वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि कागद परत दिला. मला सगळं पान नव्यानं टाइप करावं लागलं.

उत्तरं यायची तीही जतन करण्यासारखी. एकदा लिहिलं, तुमच्या ड्रायव्हरला सवय नसेल. ड्रायव्हर कुठला, हेच चालवायचे. एकदा लिहिलं, तारापूरच्या हवेत केमिकल असतं, त्याचा परिणाम असावा. एकदा लिहिलं, तुमच्या भागातलं पेट्रोल भेसळीचं असेल. झालं. चुरीसाहेबांनी पेट्रोलची बाटली आणून आमच्या लॅबमध्ये तपासली, दोनदा तपासली, रिपोर्ट केला, सही केली, पाठवला. डीलरचं उत्तर आलं की ही लॅब आमच्या मान्यतेची नाही. त्यांच्या सहीचा असा अपमान मी पहिल्यांदाच बघितला. ते पत्र त्यांनी घडी घालून फाइलला लावलं. मी म्हटलं, "साहेब, जळो ती गाडी. विकून टाका." ते म्हणाले, "दोष असलेला माल दुसऱ्याच्या गळ्यात घालू?"

यातली सगळ्यात संतापाची गोष्ट अजून राहिली. बोईसरला स्टेशनाकडं शकील मिस्त्रीचं गॅरेज होतं. एकदा गाडी तिथून जवळच बंद पडली तेव्हा शकीलनं येऊन बॉनेट उघडायला लावलं, हात न लावता, चावी फिरवायला सांगून नुसतं वाकून ऐकलं आणि म्हणाला, "साहब, कॉइल है. गरम होके दम तोडती है. दस मिनट में बदल देता हूँ." दहा मिनिटं! चुरीसाहेबांनी त्याचे आभार मानले आणि बॉनेट लावून घेतलं. वर्षभर दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही असं लिहून दिलं होतं ना. त्यांनी पुढच्या पत्रात नम्रपणे कळवलं की इंजिनाला ठिणगी देणारी कॉइल तपासावी. डीलरनं कळवलं की काय तपासायचं ते आमचे प्रशिक्षित लोक ठरवतील. शकील मला बाजारात भेटला की विचारायचा, "मॅडम, साहब मानते क्यों नहीं?" मी म्हणायचे, "तुम्हीच विचारा, माझं डोकं चालत नाही."

आणि मालतीबाई? एकदा मी त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले तेव्हा कपाटावर एक पिशवी भरून ठेवलेली दिसली. आईसाठी मऊ पातळ, गुडघ्याला चोळायचं तेल, खारकांचा पुडा. पहिल्या रविवारी भरलेली ती पिशवी तशीच होती. मी तिच्याकडं बघते हे पाहून म्हणाल्या, "राहू दे म्हटलं. परत कुठं भरत बसू."

चौथ्या खेपेला गाडी डीलरकडे गेली तेव्हा पेच पडला. गाडी न्यायच्या आधी तिथं एक छापील पावती असायची, त्यावर सही केली की गेटपास मिळायचा. पावतीवर लिहिलेलं असायचं, दुरुस्ती पूर्ण झाली, ग्राहकाचे समाधान झाले. आधीच्या तीन खेपांना यांनी ते शब्द खोडून "गाडी ताब्यात मिळाली" इतकंच लिहून सही केली होती. या वेळी तिथला सुपरवायझर अडून बसला. टाय लावलेला, गोड बोलणारा. "साहेब, खाडाखोड चालत नाही हो. वरून ऑर्डर आहे." हे म्हणाले, "तुमचा माणूस माझ्याबरोबर द्या. एक तास गाडी चालवतो. बंद पडली नाही तर इथं येऊन सही करतो." तो म्हणाला, "एवढी टेस्ट ड्राइव्ह देता येत नाही." हे म्हणाले, "मग पाहिल्याशिवाय सही नाही." आणि हात हलवत बोईसरला परत आले.

गाडी तिथं पाच आठवडे राहिली. आमच्या पिंपांसाठी ट्रक थांबायचे तसं आता सगळं घर थांबलं होतं. मी पत्रं टाइप करत होते, डीलर उत्तर देत नव्हता, आणि फोन लावला की तिथले साहेब जेवायला गेलेले असायचे. मुंबईला माणसं इतक्या वेळा जेवतात हे मला तेव्हा कळलं.

मग एका सकाळी मालतीबाईंचा भाऊ पहिल्या एसटीनं आला. घरी बहिणीला सांगून तसाच कारखान्यात आला, फाटकावरून त्याला ऑफिसात पाठवलं. चुरीसाहेब माझ्या टेबलाशीच होते. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "दाजी, आयेनी कालपासून पानी पन सोडलंय. नुसती मालू, मालू करते. तुमी आज घेऊन या तिला. उद्याचं काय मी सांगत नाय."

चुरीसाहेब माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाला तरी विचारत होते.

भाऊ म्हणाला, "जीप करा. मी सांगतो ताईला." चुरीसाहेब म्हणाले, "ती जीपमध्ये..."

आणि मी बोलले. माझी जीभ कुठं गप्प राहते? पाच आठवड्यांचा राग तोंडाशी आलेला होता. म्हटलं, "साहेब, ही आत्ताची शटल ट्रेन पकडा, मुंबई गाठा, त्या मेल्याच्या पावतीवर सही करा आणि तुमची गाडी घेऊन या. दुपारी इथं असाल. एका सहीनं काय होतं? जग करतं." ते म्हणाले, "बाई, पण दुरुस्त झाली का ते..." मी म्हटलं, "पाच आठवडे आहे त्यांच्याकडं, काहीतरी केलंच असेल की."

ते उठले. पेन खिशात आहे का ते चाचपलं आणि गेले. भावाला त्यांनी पुढं दातिवऱ्याला पाठवलं, की आईला सांग, संध्याकाळच्या आत येतो.

त्यांनी सही केली. कशी केली ते मला पुढं कधीतरी सांगितलं. सुपरवायझरनं पावती पुढं केली, बोटानं जागा दाखवली, आणि यांनी लिहिलं, वसंत पांडुरंग चुरी. अंगठा दिल्यासारखं वाटलं म्हणाले. गेटपास मिळाला. गाडी धुतलेली होती.

हायवेला लागून वसईच्या पुढं आले आणि बंद पडली. अर्धा तास. मग मनोरच्या अलीकडे बंद पडली. पुन्हा अर्धा तास. चिल्हार फाट्याला वळून बोईसरला आले तेव्हा चार वाजत आले होते. मालतीबाई दुपारपासून नेसून, ती पिशवी मांडीवर घेऊन दारात खुर्चीवर बसलेल्या. मी जेवणाच्या सुट्टीनंतर रजा टाकून त्यांच्यापाशीच गेले होते. तीन वाजता मी स्वतः स्टँडवर जाऊन आले, की मिळाली तर जीपच करू. एक लग्नाला गेलेली, दुसरी डहाणूला.

मालतीबाई गाडीत बसल्या. नवऱ्याला विचारलं नाही की का उशीर झाला. मी दार लावलं. डावीकडचं, वेगळ्या शेडचं म्हणत होते ते. मला तेव्हाही सगळं पांढरंच दिसलं.

ते स्टेशनाकडून, शकीलच्या गॅरेजवरून पालघरच्या रस्त्याला लागले. शकील बाहेर टायर बघत बसलेला होता. गाडी तिथं थांबली असती तर दहा मिनिटं. पुढं मी त्यांना विचारलं, का नाही थांबलात? ते म्हणाले, "मला माहीत नाही, बाई. वाटलं, आता चालेल. असं मला कधी वाटत नाही."

एडवणच्या अलीकडे गाडी बंद पडली आणि मग काही केल्या सुरू होईना. वाट बघता बघता दिवेलागणीची वेळ झाली. मागून मासळीचा टेम्पो आला, बर्फाची रिकामी खोकी घेऊन दातिवऱ्याला चाललेला. टेम्पोवाला ओळखीचा निघाला. "म्हातारीची मालू ना? चला, मी सोडतो." त्यानं, त्याच्या साथीदारानं आणि चुरीसाहेबांनी मिळून मालतीबाईंना उचललं आणि मागं खोक्यांमध्ये ठेवलं. ज्या गोष्टीसाठी गाडी घेतली तीच गोष्ट झाली.

म्हातारी साडेतीनच्या सुमाराला गेली होती. सकाळी जीप केली असती तर अकराला पोचले असते.

दहा दिवसांनी चुरीसाहेब कामावर आले. मी त्यांच्यासमोर जायलाच तयार नव्हते. चहाचं निमित्त करून लॅबपाशी गेले, दारातच रडायला लागले. म्हटलं, "साहेब, माझ्यामुळे झालं." त्यांनी हातातला कापडाचा तुकडा खाली ठेवला. "सही कुणाची होती?" म्हणाले. "तुमची नव्हती ना? मग." आणि पुन्हा खिडकीकडे वळले. मला क्षमा केली की दोष घेण्याचा माझा हक्कच काढून घेतला, हे मला अजून कळलेलं नाही.

त्याच आठवड्यात डीलरला आम्ही आणखी एक पत्र धाडलं होतं, गाडी चार वेळा परत करूनही दोष तसाच आहे म्हणून. या वेळी उत्तर चटकन आलं. सोबत त्या पावतीची झेरॉक्स. दुरुस्ती पूर्ण झाली, ग्राहकाचे समाधान झाले, आणि खाली वरच्या रेघेसकट पूर्ण नाव. पत्रात लिहिलं होतं की आपल्या सहीनुसार तक्रार निकाली निघालेली आहे. मला वाटलं, आता तरी हा माणूस टेबलावर मूठ आपटेल. त्यांनी झेरॉक्स खिडकीशी नेली, उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. सही माझीच आहे."

पुढचं पत्र त्यांनी मराठीत सांगितलं. माझं मशीन इंग्रजी, म्हणून मी हातानं लिहिलं. मला ते पाठ आहे. "सोबतच्या पावतीवरील माझी सही खरी नाही. मी गाडी पाहिल्याशिवाय सही केली. माझे समाधान झालेले नव्हते. दुरुस्ती करावी अशी आता माझी विनंती नाही. फक्त ती पावती मला परत करावी." उत्तर आलं नाही. महिन्यानं तेच पत्र पुन्हा पाठवलं. मग पुन्हा. डीलरला काय वाटत असेल, की हा माणूस काय मागतो आहे? सुपरवायझर एकदा फोनवर मला म्हणालासुद्धा, "मॅडम, त्यांना हवं काय ते तरी सांगा. सीट कव्हर देऊ का?" मी फोन आपटला.

वॉरंटीचं वर्ष संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी शकीलच्या दारात उभी होती. एक दिवसही आधी नाही. शकीलनं कॉइल बदलली. खरंच दहा मिनिटं लागली. आईच्या वर्षश्राद्धाला दोघं दातिवऱ्याला गेले. सोमवारी मला म्हणाले, "बाई, एकदाही बंद पडली नाही." आवाज तक्रार केल्यासारखा होता.

त्यानंतर मी नोकरी सोडली, ते निवृत्त होऊन शिरगावला गेले. अधूनमधून कळायचं, वाडीत असतात, पत्रं अजून पाठवतात, आता स्वतःच्या हातानं. शेवटचे मला भेटले ते नव्वदीच्या दशकात. बोईसरला तोवर एक चकचकीत सर्व्हिस सेंटर निघालं होतं. आमची नवी गाडी तिसऱ्यांदा तिथं आणून मी डोकं धरून बसले होते. मागची काच अर्ध्यात अडकायची, आणि दर वेळी तिथला माणूस सांगायचा की झालं काम. त्या दिवशी मी दोन तास बसले होते, घरी पाहुणे यायचे होते.

काउंटरपाशी चुरीसाहेब उभे दिसले. केस सगळे पांढरे, वरचं बटण लावलेलं. शकील गल्फला गेल्यापासून ते इथंच येतात म्हणाले. बाहेर तीच गाडी, आणि पुढच्या सीटवर मालतीबाई. मी त्यांच्याकडं धावले. त्यांनी वळलेल्या बोटांनी माझा हात धरला. मी विचारलं, "काय हो, तुम्हीपण येता सर्व्हिसिंगला?"

"मला यावंच लागतं," त्या म्हणाल्या. "सर्व्हिसिंग झालं की हे गाडी दातिवऱ्याला नेऊन आणतात. गरम व्हायला तेवढं अंतर लागतं म्हणतात. मग सही."

"माहेरी कोण आहे आता?"

"कुणी नाही. भाऊ वसईला गेला. घराला कुलूप आहे." त्या हसल्या. "मी उतरत नाही. हे दारासमोर गाडी वळवतात, तेवढ्यात मी ओटा बघून घेते. आये तिथं बसायची."

चुरीसाहेब आले. मला म्हणाले, "काय बाई, ठीक ना?" मागून काउंटरवरचा माणूस पावती हलवत आला. "अहो काका, सही राहिली. एवढीच सही करून जा ना, मला फाइल बंद करायची आहे."

"आल्यावर," चुरीसाहेब म्हणाले. गाडीत बसले, बायकोच्या बाजूची काच खाली आहे ना ते पाहिलं, आणि निघाले.

काउंटरवाला माझ्याकडं बघून कपाळावर हात मारत म्हणाला, "दर वेळी तीन तास लावतात." गाडी पालघरच्या रस्त्याला वळली तेव्हा डावी बाजू उन्हात आली. मालतीबाईंच्या बाजूचा दरवाजा बाकीच्या गाडीपेक्षा चांगलाच पिवळा पडला होता. इतक्या वर्षांनी ते मलाही दिसलं. माझी पावती माझ्या हातातच होती. काच वर होते की नाही ते मी अजून पाहिलं नव्हतं, आणि सही मघाशीच करून टाकली होती.